पुढचे शॉकअप खोलताना

गाडी डबल स्टँडवर चढवली आहे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारलाय, त्यामुळे पुढचं चाक आणि मडगार्ड काढूनही ती कलंडत नाही. सांगलीच्या गावभागातलं हे बहिणीचं अंगण. भिंतीवर २०१९ च्या पुराची मातकट रेघ अजून ओळखू येते. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. ही शंभर सीसीची गाडी तेव्हा इथेच उभी होती, हँडलसकट पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर इंजिन खोललं, कार्ब्युरेटर धुतला, वायरिंग बदललं. पुढच्या शॉकअपकडे कुणी बघितलं नाही. त्यांच्याकडे सहसा कुणी बघतच नाही.

भाचा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि सुट्टीला याच गाडीवरून घरी येतो. सातारा, कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली. शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू असल्यामुळे हायवे सोडून सारखं खालच्या रस्त्याला उतरावं लागतं. खडी, खड्डे, गतिरोधक. ब्रेकच्या बाजूचा शॉकअप गळतोय. सील एकदा एका गॅरेजमध्ये बदलून झालंय, तरी गळतोय. तेल बॉटमवरून, म्हणजे शॉकअपच्या खालच्या जाड नळीवरून, ओघळत ड्रमच्या झाकणापर्यंत आलंय, आणि मला खरी काळजी त्याची आहे. लायनरला तेल लागलं की ब्रेक धरत नाही. म्हणून आज दोन्ही शॉकअप घरीच खोलायचे. भाच्याची ही पहिली वेळ, माझीही.

पहिली झुंज तळाशी आहे. बॉटमच्या बुडात, खोल भोकात, एक एलन बोल्ट असतो. पाइपच्या आतल्या डँपर रॉडला तो खालून धरून ठेवतो. अडचण अशी की बोल्टबरोबर रॉडही फिरू लागला, तर दिवसभर फिरवा, काही सुटत नाही. म्हणून वरची टोपी आत्ताच काढायची नाही. टोपीखालची स्प्रिंग रॉडला दाबून धरते आणि तो दाबच आपल्याला हवा असतो. भाचा बॉटम दोन्ही हातांनी वर रेटतो. मी एलन कीला लोखंडी नळीचा तुकडा अडकवून ताकद लावतो.

"मामा, फिरतंय नुसतं. सुटंना झालंय."

"आणखी रेट. खांदा लाव."

कट्‌ असा आवाज येतो आणि तांब्याच्या वॉशरपाशी तेलाचा पहिला थेंब जमतो.

आता टोपी. शेवटच्या आट्यांना स्प्रिंग उसळी मारते, म्हणून तळहाताखाली जाड फडकं धरून ती सोडवतो. स्प्रिंग काढून पाइप ताटात उपडा करतो. जे बाहेर येतं त्याला तेल म्हणवत नाही. राखाडी, घाण वासाचं, तळाला चिखलासारखा साका. भाचा लगेच म्हणतो, "पुराचा गाळ." थोडा असेलही. पण बोटांवर चोळला की साका चमकतो. यात झिजलेला धातू आहे. वर्षानुवर्षं पाइप आणि बॉटम एकमेकांवर घासत राहिले आणि तो कीस कुठेच गेला नाही.

खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते, पण तिला नुसतं सोडलं तर गाडी उड्या मारत राहील. ती उडी मोडतं ते तेल. चाक वर-खाली होताना तेलाला डँपर रॉडच्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते आणि त्या अडवणुकीत धक्का जिरतो. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर-१२ या मोटरसायकलला तेलाने धक्का जिरवणारे असे दुर्बिणीछाप पाय बसवले. आपल्या रोजच्या गाड्यांत आजही मूळ कल्पना तीच आहे. तेलाचा चिखल झाला की नुसती स्प्रिंग उरते.

गळणारा पाइप रॉकेलने पुसून उन्हात धरतो. क्रोम झगझगीत दिसतो. मग अंगठ्याचं नख वरून खाली हळू ओढत नेतो. बॉटमच्या तोंडापासून वितीच्या आत, मागच्या बाजूला, नख अडकतं. पुन्हा ओढतो, तिथेच अडकतं. टाचणीच्या डोक्याएवढा गंजाचा खड्डा, त्याची कड करवतीसारखी उभी. प्रत्येक गतिरोधकावर हा खड्डा सीलच्या ओठातून आत जातो आणि बाहेर येतो. काढलेलं सील उलटं करून बघतो. रबराच्या ओठावर बरोबर एका जागी बारीक चीर. सील बिचारं चांगलं होतं. पाइप न तपासता त्यावर चढवलेलं कुठलंही नवं सील असंच फाटणार.

खड्डा सीलच्या वाटेबाहेर असता तर झिरो पेपरने कड मोडून चाललं असतं. इथे नाही चालणार. हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करता येतं, पण एवढ्या लहान गाडीला नवा पाइप आणणंच परवडतं; तोच आणून बसवायचा. दुसरा पाइप चांगला वाटतोय. तो सरळ आहे का ते बघायला ताईच्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोळवतो. खालून उजेडाची फट कुठेच उघडझाप करत नाही. बेंड नाही.

"ओटा पुसून द्या मागनं," ताई सांगते आणि पाण्याच्या लाइनीतून उरलेला पीव्हीसीचा तुकडा आणून देते. सील ठोकायला नेमकं तेच हवं होतं.

नव्या सीलवर तीन आकडे छापलेले आहेत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्याशी ताडून घेतो. आतली बारीक स्प्रिंगची कडी तेलाच्या बाजूला, म्हणजे खाली. वर जुनं सील ठेवून त्यावर पीव्हीसी टेकवतो आणि लाकडी हातोडीने ठोके देत जातो. सर्क्लिपची खाच पूर्ण दिसू लागते आणि ठोक्याचा आवाज भरीव होतो, म्हणजे सील बसलं. पाइपच्या कडेवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, तेल लावून, तो सीलमधून अलगद आत सरकवतो. नवा तांब्याचा वॉशर, एलन बोल्ट, सर्क्लिप, डस्ट सील.

भाच्याचे आजोबा खुर्चीवरून बघताहेत. त्यांच्याकडे एकेकाळी प्रिया स्कूटर होती. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया बनायची.

"तिला पुढं एकाच बाजूला शॉकअप," ते म्हणतात. "दोघांचा मेळ घालायची भानगडच नव्हती."

इथे मेळ घालावाच लागतो, आणि माझ्या मते सगळ्या कामात नाजूक भाग हाच. मापाने दोन्हीकडे सारखं तेल ओतणं पुरेसं नाही, कारण एकात थोडी हवा अडकून राहू शकते. तेल ओतून पाइप संथपणे वर-खाली करतो, बुडबुडे थांबेपर्यंत. मग स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण खाली दाबून उभा धरतो आणि तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजतो. तेलावरची हवा दबते तेव्हा तीही स्प्रिंगसारखंच काम करते. एका पायात तेल जास्त, म्हणजे हवा कमी, म्हणजे तो पाय शेवटी जास्त कडक. दोन्हीकडचं अंतर एक येईपर्यंत भाचा सिरिंजने तेल काढतो, घालतो, पुन्हा मोजतो. त्याला घाई नाही, हे मला फार आवडतं.

पाय हँडलखालच्या टीमध्ये चढतात, मडगार्ड लागतं, ब्रेकची केबल जोडली जाते. चाकाचा एक्सल मात्र शेवटपर्यंत सैल ठेवतो. गाडी खाली उतरवून, पुढचा ब्रेक दाबून, हँडल जोरजोरात खाली रेटतो. दोन्ही पाय आपापली सरळ जागा शोधतात, मग नट आवळायचा. आधी आवळला तर पाय वाकडे ओढले जाऊन अडकत चालतात.

"उद्या साताऱ्याला नेऊ का, मामा?"

"आधी माधवनगरला जाऊन ये. येताना गतिरोधक चुकवू नको. आल्यावर दोन्ही पाइपांवरनं पांढरं फडकं फिरवून दाखव मला."

तो किक मारतो.