आबांचा हात का दुखला?

आमचे गाव पवना धरणाच्या काठी आहे. शाळेच्या ओट्यावर उभे राहिले की समोर पाणी दिसते आणि पाण्यापलीकडे तुंग किल्ला दिसतो. या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या लोकांना प्यायला जाते. आम्हांला त्यातून मासे मिळतात. माझे आबा मासे धरतात. कटला, रोहू, चिलापी असे मासे मिळतात. कधी मरळ मिळाली तर त्या दिवशी घरात आनंद असतो, कारण मरळीला भाव चांगला येतो.

बाईंनी सांगितले, "या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी घरातल्या कामाची माहिती लिहा. ऐकलेली नको, पाहिलेली लिहा." म्हणून मी आबांच्या हाताची माहिती लिहिली आहे. ती सगळ्यांच्या घरी उपयोगी पडेल.

जाळे कसे फेकतात?

आबांचे जाळे गोल असते. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. दोरीचे टोक मनगटाला बांधायचे. जाळ्याची थोडी कड खांद्यावर घ्यायची, थोडी हातात धरायची आणि कमरेपासून गिरकी घेऊन फेकायचे. जाळे छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडते. शिसे खाली जाते आणि मासे आत अडकतात. मग दोरी हळूहळू ओढायची. ओढताना जाळ्यात चिखल, शेवाळ, काटक्या पण येतात. फेकायला एक क्षण लागतो, ओढायला मात्र जोर लागतो.

दुखणे कसे सुरू झाले?

मागच्या दिवाळीनंतर आबांचा उजवा हात दुखू लागला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाड लागते ना, तिथे कळ यायची आणि ती मनगटापर्यंत उतरायची. आधी फक्त जाळे ओढताना दुखायचे. नंतर चहाचा कप उचलताना पण दुखू लागले. दाराची कडी काढता येईना. एकदा आबांच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला. आबा काही बोलले नाहीत, पण मी त्यांचे तोंड पाहिले.

आई म्हणाली, "आवं, दोन दिस घरी ऱ्हावा की." आबा म्हणाले, "घरी ऱ्हाऊन पोट भरतंय व्हय?" मग ते दुकानातली दुखण्याची गोळी घेऊन रोज जायचे. गोळी खाल्ली की दुखायचे थांबायचे आणि आबा आणखी जोरात जाळे ओढायचे. पुढे त्यांच्या पोटात जळजळ सुरू झाली.

आजी म्हणाली, "शीर धरलीय. बिब्बा लावला की सुटंल." तिने बिब्बा तापवून कोपरावर लावला. दुसऱ्या दिवशी कातडी भाजली आणि मोठे फोड आले. आता एका दुखण्याची दोन दुखणी झाली. आजी रडली. तिने चांगल्यासाठीच केले होते.

मग आबांना जाळे उचलताच येईना. माझा दादा नववीत आहे. तो शाळा बुडवून जाळे टाकायला जाऊ लागला. पंधरा दिवस तो शाळेत गेला नाही. आबांचा हात बरा होईना तर दादाची शाळा सुटणार, असे मला वाटू लागले.

डॉक्टरीणबाईंनी काय सांगितले?

शेवटी आई आबांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी पण गेले. डॉक्टरीणबाईंनी आबांना मूठ वळायला सांगितली, मनगट वर करायला सांगितले आणि वरून स्वतःच्या हाताने दाबले. आबा "आई गं" म्हणाले. बाई म्हणाल्या, "याला टेनिस एल्बो म्हणतात." मला हसू आले. आमच्या गावात टेनिस कोणीच खेळत नाही.

बाईंनी समजावून सांगितले. आपला स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेल्या असतात. बैलाचा कासरा एकाच जागी रोज घासला की त्याचे धागे सुटतात, तसे या कंडरेचे होते. तिला रक्ताचा पुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश भरून येते. झिजणे रोजचे आणि भरणे हळू, म्हणून दुखणे वाढत जाते.

१८८२ साली इंग्लंडमध्ये एका डॉक्टरांनी लॉन टेनिस खेळणाऱ्यांच्या अशा दुखण्याबद्दल लिहिले होते. म्हणून हे नाव पडले. पण हे दुखणे खेळापेक्षा कामानेच जास्त लोकांना होते. विळ्याने गवत कापणे, आडाचे पाणी शेंदणे, लोणावळ्यात चिक्की लाटणे, कपडे पिळणे, या सगळ्यांत मूठ घट्ट धरून मनगट फिरवावे लागते. बहुधा पस्तीस ते पंचावन्न वर्षांच्या माणसांना ते होते.

आपल्या सचिन तेंडुलकरला पण २००४ साली हेच दुखणे झाले. त्याला काही सामने खेळता आले नाहीत. २००५ साली लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०१० साली त्याने ग्वाल्हेरला एका दिवसाच्या सामन्यात नाबाद २०० धावा केल्या. हे मी आबांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले. बाई मात्र म्हणाल्या, "शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. बहुतेकांचे एका वर्षात आपोआप आणि व्यायामाने बरे होते."

तुम्ही करून पाहा

उजवा हात पुढे करा. तळवा जमिनीकडे ठेवा. डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडी खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. आता मनगट वर उचला. बोटांखाली स्नायू कडक झालेला लागेल. मग हात सैल सोडा आणि पेन्सिल घट्ट धरा. पुन्हा तोच स्नायू कडक होतो! म्हणजे मूठ वळली की मनगट सांभाळायला बाहेरच्या स्नायूला पण काम पडते. आमच्या वर्गात सगळ्यांनी करून पाहिले.

गणित

मी आणि दादाने आबांचे ओले जाळे दुकानातल्या काट्यावर ठेवले. ६ किलो भरले. आबा एका सकाळी सुमारे ५० वेळा जाळे टाकतात.

५० × ६ = ३०० किलो

म्हणजे तीन क्विंटल! ५० किलोची भाताची सहा पोती एका हाताने ओढल्यासारखे झाले. आणि हे रोज. आबा हिशेब ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "आरं बाबा, यवढं वडतो व्हय म्या?"

काय करावे?

डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते मी वहीत लिहून घेतले.

१) काम एकदम बंद करू नये, पण कमी करावे. हात अगदी बांधून ठेवला तर स्नायू आणखी अशक्त होतो. ज्याने जास्त दुखते ते काम काही आठवडे सोडावे.

२) वस्तू उचलताना तळवा वर करावा, कोपर अंगाजवळ ठेवावे आणि दोन्ही हात लावावेत.

३) पकड जाड करावी. बारीक दोरी धरायला मूठ फार आवळावी लागते. आबांनी दोरीला धरायच्या जागी जुने कापड गुंडाळले. गळाच्या काठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तरी चालते.

४) जाळे पाण्यातच हलवून चिखल धुऊन काढावा, मग उचलावे. वजन कमी होते.

५) फार दुखले तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. बर्फ कातडीला थेट लावू नये.

६) कोपराच्या दोन बोटे खाली पट्टा बांधला तर कामाच्या वेळी काहींना आराम पडतो. पट्टा फार आवळू नये. रात्री काढून ठेवावा.

७) व्यायाम करावा. हात टेबलावर ठेवून पंजा बाहेर लोंबता ठेवायचा, तळवा खाली. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरायची. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणायचे आणि एक ते पाच अंक मोजत हळूहळू खाली सोडायचे. असे दहा वेळा. थोडे थांबून पुन्हा दहा, पुन्हा दहा. थोडे दुखले तर चालते. पण दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर बाटलीतले पाणी कमी करायचे.

८) दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नयेत. त्याने पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. एक प्रकारचे इंजेक्शन असते, त्याने लवकर बरे वाटते, पण पुढे दुखणे परत उलटू शकते. म्हणून डॉक्टरांना नीट विचारून घ्यावे.

९) बिब्बा लावू नये. डाग देऊ नये.

करंगळीला मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल, कोपर लाल होऊन सुजले असेल, ताप असेल, पडल्यावर हात सरळ होत नसेल, तर ते दुखणे वेगळे असू शकते. मग लगेच दवाखान्यात जावे.

पुढे काय झाले?

आबांनी दोन महिने फेकायचे जाळे जवळजवळ सोडले. संध्याकाळी पाण्यात लावून ठेवायचे आणि सकाळी काढायचे असे दुसरे जाळे त्यांनी वापरले. ते काढायला आई पण जायची. मासे कमी मिळाले. त्या दोन महिन्यांत आम्ही नवे कपडे घेतले नाहीत आणि दुकानाची उधारी झाली. हे पण लिहिले पाहिजे, कारण नुसते "विश्रांती घ्या" म्हणणे सोपे असते.

व्यायामाची आठवण करायचे काम माझे होते. मी रोज शाळेतून आले की बाटली भरून आबांसमोर ठेवायची आणि अंक मोजायची. पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. आबा म्हणाले, "पोरी, हे पोरखेळ हायेत." मी म्हटले, "बाईंनी तीन महिने सांगितलेत." सहाव्या आठवड्यात आबांनी स्वतःच्या हाताने दाराची कडी काढली. आईने मला हाक मारून दाखवले.

आता आबा पुन्हा जाळे फेकतात, पण एका सकाळी वीसच वेळा.

२० × ६ = १२० किलो

बाकीचे काम लावलेले जाळे करते. भरलेली बादली उचलताना अजून कधी कधी कळ येते, तेव्हा ते लगेच दुसरा हात लावतात. दादा शाळेत जाऊ लागला. बुडलेला अभ्यास तो रात्री करतो.

आजी आता शेजारच्या मावशींना सांगते, "बिब्बा नगं लावू, बाटली हलीव." मला हसू येते, पण बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे कोपर दुखत असेल तर विचारा. मोठी माणसे आपणहून सांगत नाहीत. आणि बाटली भरून द्यायला आपण चौथीतली मुले पुरेशी आहोत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी