पुराणांतील पात्रें कादंबरींत येतात तेव्हां

इंग्रजींत ज्याला 'नॉव्हेल' म्हणतात त्या ग्रंथप्रकाराला बंगालींत व हिंदींत उपन्यास म्हणतात, गुजरातींत नवलकथा म्हणतात. मराठीनें व कानडीनें मात्र त्याला कादंबरी हें नांव दिलें. हें नांव मूळचें एका नायिकेचें. सातव्या शतकांत हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें तिच्यावर आपलें गद्यकाव्य रचण्यास घेतलें, आणि तें पुरें होण्यापूर्वींच तो वारल्यामुळें त्याच्या पुत्रानें तें तडीस नेलें. या काव्यांत मनुष्यवाणीनें बोलणारा पोपट आहे, चंद्रमंडळांतून उतरून मृत प्रियकराचा देह उचलून नेणारा दिव्य पुरुष आहे, आणि एका जन्मीं अपुरें राहिलेलें प्रेम जन्मांतरानें पुरें होतें. ज्या अद्भुतरम्य प्रणयकथांना कित्येक वडीलधारी मंडळी आज नाक मुरडतात, त्यांच्याच कुळांत आपल्या कादंबरीचें बारसें झालेलें आहे, हें प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे.

नाक मुरडण्याची चालही नवी नव्हे. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं निघाली, आणि १८७२ सालीं काशिनाथ बापूजी मराठे यांनीं नावल व नाटक यांवरील निबंधांत अशा अवास्तव कथानकांची झाडाझडती घेतली. मंजुघोषेच्या काळचे राजपुत्र आतां मागें पडले. त्यांच्या जागीं पुराणांतील पात्रें आलीं. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ सालची, शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ सालची, रणजित देसाई यांची 'राधेय' १९७३ सालची. इंग्रजींत चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांनीं २००८ सालीं द्रौपदीच्या मुखानें भारतकथा सांगितली, आणि अमीश यांनीं २०१० सालीं शिवाला तिबेटांतील एका टोळीचा नायक कल्पून त्याची व सतीची प्रेमकथा लिहिली. आज अनेक घरांतील तरुण मंडळींना महाभारत ठाऊक असतें तें अशा पुस्तकांवरूनच.

यावरून घराघरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, व्यासांच्या ग्रंथाची ही मोडतोड आहे, हीं पुस्तकें मुलांच्या हातीं देऊं नयेत. दुसरा म्हणतो, गोष्ट ती गोष्ट. मन रमलें म्हणजे झालें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें, आणि हीं नवीं पुस्तकेंही त्यानें आवडीनें वाचलीं आहेत. त्याला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात.

पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें मानलें तर सर्वांत आधीं कालिदासालाच घराबाहेर काढावें लागेल. आदिपर्वांतील दुष्यंताला शकुंतला पूर्णपणें आठवत असते. भर सभेंत तो तिला जाणूनबुजून नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर, लोकांच्या मनांत किंतु राहूं नये म्हणून आपण तसें केलें, असें सांगतो. दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका त्या कथेंत नाहीं. ती कालिदासाची योजना. एवढा मोठा पालट करूनही त्याचें नाटक आपण शिरोधार्य मानतों. तेव्हां मूळ कथेंत फेरफार केला, एवढ्याच कारणानें कोणतेंही पुस्तक वाईट ठरत नाहीं.

मग कसोटी कोणती लावावी? माझ्या मतें प्रश्न असा विचारावा कीं, या फेरफारानें कोणाच्या माथ्यावरचें ओझें उतरलें, आणि त्याच्या बदल्यांत आपल्याला काय मिळालें? शापाच्या योजनेनें दुष्यंताचा अपराध पुष्कळच सौम्य झाला, हें उघड आहे. परंतु कालिदास त्याला मोकळा सोडीत नाहीं. सहाव्या अंकांत मुद्रिका सांपडतांच स्मृति जागी होते, आणि तिचें चित्र काढीत, स्वतःला दोष देत बसलेला राजा आपल्याला दिसतो. हा पश्चात्ताप मूळ कथेंत नाहीं. मात्र या सौद्यांत कांहीं गमावलेंही. महाभारतांतील शकुंतला राजाला धर्म, सत्य व पुत्र यांविषयीं जें निर्भीडपणें ऐकविते, त्याची धार नाटकांत पुष्कळ कमी झाली आहे. दोन्ही शकुंतला ज्यानें वाचल्या, त्यालाच या लाभहानीचा हिशेब मांडतां येतो.

हीच कसोटी 'ययाती'ला लावून पाहूं. महाभारतांतील ययाति धाकट्या पुरूचें तारुण्य घेऊन सहस्र वर्षें भोग भोगतो, आणि भोगानें वासना शमत नाहीं हें उमगल्यावर तें परत करून वनांत जातो. कच आणि देवयानी यांनीं परस्परांस शाप दिल्यावर मूळ कथेंतून कच जवळजवळ नाहींसाच होतो. खांडेकरांनीं त्याला परत आणून संयमाचा आदर्श केलें, देवयानी व शर्मिष्ठा यांना आपापली बाजू स्वमुखानें मांडूं दिली, आणि ययातीचा पश्चात्ताप पुष्कळ अलीकडे ओढला. परंतु ययातीचें ओझें त्यांनीं उतरविलें नाहीं. त्याचें दुःखद बालपण ते सांगतात खरें, तरी त्याच्या वासनेचा भार ज्यांच्यावर पडला त्या दोन्ही स्त्रियांची साक्ष ते शेजारींच ठेवितात. १९६० सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक आणि पुढें १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार या लेखकाला मिळाला, तो उगाच नव्हे.

कर्णाच्या बाबतींत मात्र वाचकानें अधिक सावध राहावें. 'मृत्युंजय' वाचून ज्याचे डोळे भरून आले नाहींत असा मराठी वाचक विरळा. आणि त्या कर्णाचें तेज ही सावंतांच्या लेखणीची मोठीच करामत आहे. परंतु अशीं पुस्तकें वाचून उठलेल्या तरुणाशीं बोलावें, तर तो हटकून म्हणतो कीं, स्वयंवरांत द्रौपदीनें सूतपुत्र म्हणून त्याचा अपमान केला होता, मग पुढें सभेंत तो कांहीं बोलला त्यांत नवल तें काय? येथें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचें स्मरण करावेंसें वाटतें. १९१९ सालीं आरंभ करून, १२५९ हस्तलिखितें ताडून पाहून, १९६६ सालीं तेथील पंडितांनीं महाभारताची संशोधित आवृत्ति पुरी केली. तिच्या मुख्य संहितेंत द्रौपदीच्या तोंडचा तो नकार नाहीं. कांहीं थोड्या पोथ्यांतलाच म्हणून तो टीपांत गेला आहे. सभापर्वांत मात्र विकर्ण द्रौपदीची बाजू मांडीत असतां त्याला गप्प बसविणारा, तिला हीन शब्द बोलणारा आणि तिचीं वस्त्रें काढून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्ण मुख्य संहितेंतच आहे. उद्योगपर्वांत तोच कर्ण कृष्णापाशीं, दुर्योधनाला बरें वाटावें म्हणून आपण पांडवांना कठोर बोललों याचा आपल्याला ताप होतो, अशी कबुली देतो. व्यासांचा कर्ण स्वतःच्या अपराधाला कारण शोधीत नाहीं. तें कारण त्याच्यावर प्रेम करणारे आपण वाचकच शोधतों.

असें म्हणतांना नव्या प्रणयकल्पनांना माझी सरसकट हरकत नाहीं. दिवाकरुणी यांच्या द्रौपदीला कर्णाविषयीं जी गुप्त ओढ वाटते, ती वाचून कित्येक सुशिक्षित गृहस्थ दचकतात. ते आपल्याच महाराष्ट्रांतील जांभूळ आख्यान विसरतात. शाहीर विठ्ठल उमप यांनीं तें लोकनाट्य रंगभूमीवर गाजविलें. त्या लोककथेंतही द्रौपदीचें मन कर्णाकडे ओढ घेतें. तोडलेलें जांभूळ पुन्हां देठाला चिकटावें, तर प्रत्येकानें आपल्या मनांतलें सत्य सांगितलें पाहिजे, अशी तेथें अट पडते. आणि द्रौपदी तें सांगते तेव्हांच फळ झाडाला लागतें. अडाणी म्हणून ज्यांना आपण बाजूला बसविलें त्या लोकांनीं केवढी कल्पना केली! तिचें मन त्यांनीं मोकळें केलें, पण सत्य बोलण्याचा भार तिच्यावरून काढला नाहीं.

हा केवळ पुस्तकी वाद आहे, असें कोणी समजूं नये. चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात तेथें कोणीतरी कोणाचा अपराध करीतच असतो; कधीं भरल्या पंगतींत सुनेला टाकून बोलतो, कधीं धाकट्या भावाचें श्रेय आपल्याकडे घेतो. अशा वेळीं, त्याचें बालपण फार कष्टांत गेलें हो, असें म्हणून आपण त्याला पदराखालीं घेतों. कष्ट खरे असतात. तथापि जिला बोल लागले तिच्या प्रश्नाचें उत्तर त्यामुळें मिळत नाहीं. द्रौपदीनें सभेंत विचारलेल्या प्रश्नाला भीष्मांनाही उत्तर देतां आलें नाहीं. नायकाचा घाव पाहून त्याचा अपराध विसरण्याची संवय पुस्तकांतून लागली, तर ती घरांतही उतरते, अशी मला भीति वाटते.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझी विनंति एवढीच कीं, हीं पुस्तकें मुलांच्या हातांतून काढून घेऊं नका. त्यांच्या शेजारीं दुसरें पुस्तक ठेवा. 'मृत्युंजय' निघाली त्याच १९६७ सालीं इरावती कर्वे यांचें 'युगान्त' निघालें. तें संशोधित आवृत्तीच्या आधारें लिहिलेलें असून कर्णाची त्यांत कठोर पण न्याय्य पारख आहे. दोन्ही एका फळीवर असावींत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आठवड्यांतून एकदां तरी सभापर्वांतील द्यूताचा भाग मराठी भाषांतरांतून मोठ्यानें वाचावा, आणि लेकीसुना व नातवंडें यांना आधीं बोलूं द्यावें. त्यांचें मत आपल्याहून निराळें पडलें, तर दुसऱ्या दिवशीं तोच भाग पुन्हां काढून वाचावा.