पर्वतीची रोजची चढण

पर्वती समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फूट उंच आहे असं सांगितलं की बाहेरगावचा पाहुणा जरा दबकतो. पण पुणं स्वतःच अठराशे फुटांच्या आसपास वसलेलं आहे. ते वजा केलं की उरते अडीच-तीनशे फुटांची टेकडी आणि १०३ पायऱ्या. धडधाकट माणूस दहा-बारा मिनिटांत देवदेवेश्वराच्या दारात पोचतो. सिंहगडासारखा घाम निघत नाही, वेताळ टेकडीसारखं रानही नाही. तरीही उजाडायच्या आत पायथ्याशी माणसांची ये-जा सुरू होते आणि ती वर्षभर चालू असते.

पर्वतीचं बळ या तोकडेपणातच आहे, असं माझं मत आहे. सिंहगडाला जायचं तर बेत आखावा लागतो, कोण कोण येणार ते विचारावं लागतं, परत येताना पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आलंच. पर्वतीला यातलं काही लागत नाही. दूध आणणं आणि आंघोळ यांच्यामध्ये ती सहज मावते. म्हणूनच पर्वतीला ‘सहलीला गेलो’ असं कुणी म्हणत नाही. ‘जरा पर्वती करून येतो’ म्हणतात. नेहमीच्या मंडळींत तर ‘आज दोन पर्वत्या झाल्या’ असाच हिशेब चालतो.

पायऱ्यांविषयी सांगायलाच हवं, कारण पर्वतीची सारी गंमत त्यांच्यात आहे. त्या घराच्या जिन्यासारख्या नाहीत. काळ्या दगडाच्या, ऐसपैस रुंद, उंचीला कमी आणि पुढच्या बाजूला किंचित उतरत्या. एका पावलात पायरी संपत नाही, दोन पावलं टाकावीत तर जागा थोडी अपुरी पडते. त्यामुळे नवखा माणूस सुरुवातीला अडखळतो, दर वेळी तोच पाय पुढे येतो आणि त्याच मांडीवर भार पडतो. मुरलेले लोक सरळ चढतच नाहीत. ते तिरके चढतात, पायरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. उतरतानाही तसंच, म्हणजे गुडघे कुरकुरत नाहीत. हे तंत्र कुणी कुणाला शिकवत नाही. पुढच्या आजोबांच्या टाचांकडे बघत चार दिवस चढलं की आपोआप येतं.

चढणाऱ्यांचे प्रकारही वेळेनुसार बदलतात. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळत वर जातात. हिमालयाचा बेत ठरलेले गिर्यारोहक पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून फेऱ्या मारतात. सातच्या सुमाराला मधुमेह, रक्तदाब आणि निवृत्तिवेतन या तीन विषयांवर बोलणाऱ्यांचा गट येतो. यांतले बरेच जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, पण आडनावापलीकडे फारसं काही विचारत नाहीत. मात्र एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी चौकशी होतेच. संध्याकाळी कॉलेजातली जोडपी, लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं आणि गार वाऱ्यासाठी आलेले सगळेच.

देवाचं म्हणाल, तर ही टेकडी मुळात पाचगावच्या तावरे पाटलांची. वर देवीचं जुनं ठाणं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या आईच्या, म्हणजे काशीबाईंच्या, पायाला दुखणं झालं, तिने देवीला नवस केला, गुण आला आणि मुलाने देऊळ बांधलं, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचं एवढं पक्कं, की देवदेवेश्वराचं मंदिर १७४९ मध्ये उभं राहिलं. पुढे विष्णू आणि कार्तिकस्वामीही शेजारी आले. पायथ्याला आंबील ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनी तळं केलं. तळ्यातल्या बेटावर गणपती आला आणि तळं बुजून सारसबाग झाली, तरी जुने पुणेकर त्याला तळ्यातला गणपतीच म्हणतात. हे सगळं ज्याने हौसेने उभं केलं, तो माणूस पानिपतानंतर खचून याच टेकडीवर आला आणि २३ जून १७६१ रोजी इथेच गेला. वय अवघं चाळीस. वर त्याचं स्मारक आहे. बहुतेक लोक त्याच्यावरून तसेच पुढे कठड्याकडे जातात, कारण वारा तिकडे असतो.

तटातली एक खिडकीही अशीच दुर्लक्षित राहते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने ती लढाई पर्वतीवर इथूनच पाहिली. आज तिथून उत्तरेला पाहिलं तर मधल्या इमारतींत आणि धुरक्यात खडकी शोधावी लागते. राज्य हातचं जात असताना धनी इतक्या लांबून बघत होता, हे तिथे उभं राहिल्यावर जितकं कळतं, तितकं पुस्तकातून कळत नाही.

मात्र पर्वतीचा जो इतिहास रोज चढणाऱ्याने लक्षात ठेवायला हवा, तो पेशव्यांच्या नंतरचा आहे. देवळाचं दार तेव्हा सगळ्यांना खुलं नव्हतं. १९२९ च्या ऑक्टोबरात अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, न. वि. गाडगीळ, तरुण एस. एम. जोशी अशी मंडळी त्यात होती. समोरून दगड आले, लाठ्या आल्या, काही जण जखमी झाले. देऊळ खासगी आहे, असा पंचांचा युक्तिवाद होता. महाडचं चवदार तळं १९२७ चं, नाशिकचा काळाराम १९३० चा. त्या दोन्हींची नावं शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. मधला पर्वतीचा सत्याग्रह मात्र पुण्यातल्याच किती जणांना ठाऊक आहे, याची मला शंका आहे. पेशव्यांच्या पगड्या आणि नाणी पाहायला वर संग्रहालय आहे, ते जरूर पाहावं. पण सकाळी कोण कुठला हे न विचारता सगळे खांद्याला खांदा लावून चढतात, ही गोष्ट आपसूक घडलेली नाही.

वरून दिसणारं पुणं सुंदर आहे, असं मी म्हणणार नाही. पेठांमधली कौलं गेली, त्यांच्या जागी गच्च्या आणि काळ्या टाक्या आल्या. नैर्ऋत्येला सिंहगडाचा मनोरा मात्र स्वच्छ हवेत अजून ओळखता येतो. नजर खाली वळवली की टेकडीच्या उतारावरची जनता वसाहत दिसते. एकाला एक लागून घरं, मधून चिंचोळे जिने. तिथल्या बाईला ही चढण व्यायाम म्हणून करायची नसते. भाजी, गॅसची टाकी, आजारी माणूस, सगळं याच उतारावरून वर न्यायचं असतं. शहराच्या मोठ्या भागाला पाणी देणारं जलकेंद्रही पर्वतीच्याच नावाचं. त्याच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहणार म्हटलं की सगळं पुणं बुधवारी रात्रीच बादल्या भरून ठेवतं. टेकडीच्या अंगावर राहणाऱ्यांना पाण्याची आणि वाटेची ही काळजी सातही वार असते. पर्वतीच्या विकासाच्या गप्पांत रोषणाई आणि रोपवेचा विषय निघतो, तेव्हा आधी या वस्तीच्या पायवाटा आणि गटारं नीट करा, असंच म्हणावंसं वाटतं.

टेकडी रोजची झाली की तिच्याकडे बघणं सुटतं, हे खरं आहे. पण बारीकसारीक कळतंही तिथेच. जूनच्या पहिल्या सरीनंतर दगडांच्या सांध्यांत शेवाळ धरतं, श्रावणात उतार हिरवेगार होतात, मार्गशीर्षात धुक्यातून आधी पलीकडच्या टेकड्यांचे माथे वर येतात आणि मग शहर. एकदाच येणाऱ्याला यातलं एखादंच दिसतं.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. स्वारगेट मेट्रो स्थानकातून सारसबागेवरून पायी आलात तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गाडी आणू नका, पायथ्याच्या गल्ल्यांत ती लावायला जागा मिळत नाही आणि तिथे राहणाऱ्यांना उगाच त्रास होतो. रविवार टाळा. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घाला आणि उतरताना घाई करू नका. प्लॅस्टिकची बाटली रिकामी झाली तरी खाली घेऊन या.