सेवेत असताना आलेले अपंगत्व : सेवेचे संरक्षण, निवृत्तीवेतन आणि शासकीय साहाय्य

पक्षाघाताचा झटका, दुचाकीचा अपघात, मधुमेहाने गेलेली दृष्टी किंवा कर्करोगामुळे काढावे लागलेले स्वरयंत्र, यांपैकी एखादे संकट प्राथमिक शिक्षकावर कोसळले म्हणजे घरातील माणसे प्रथम दवाखान्याच्या खर्चाची तजवीज करतात. नोकरीचा प्रश्न महिन्या-दोन महिन्यांनी पुढे येतो. त्या वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी सांगतो, वैद्यकीय कारणावरून निवृत्ती घ्यावी. कोणी सांगतो, प्रमाणपत्र मिळाले की शासन दरमहा पैसे देते. कोणी विम्याचे नाव घेतो. हे सल्ले सद्हेतूनेच दिलेले असतात. परंतु ते ज्या क्रमाने अमलात येतात, त्यावर कुटुंबाची पुढील दहा-बारा वर्षे अवलंबून असतात. आणि पुष्कळदा असे घडते की, सर्वांत शेवटी द्यावयाचा अर्ज सर्वांत आधी दिला जातो.

नियोक्त्याकडून मिळणारे संरक्षण आणि शासनाकडून मिळणारे साहाय्य या दोन निराळ्या गोष्टी होत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या बाबतीत त्यांची गल्लत होते, कारण परिषद आणि शासन यांना लोक एकच समजतात. परिषद नियोक्ता या नात्याने जे देणे लागते ते सेवेपोटी असते. शासनाच्या कल्याणकारी योजनांतून जे मिळते ते निर्धनतेपोटी असते. पहिले हक्काचे आणि मोठे. दुसरे अल्प, आणि उत्पन्नाच्या अटीने बांधलेले. दोहोंची तुलना करताना प्रथम पहिल्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा दिनांक १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २० च्या पोटकलम (४) अन्वये, सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले अशा कर्मचाऱ्यास कोणत्याही शासकीय आस्थापनेला सेवेतून काढता येत नाही, किंवा त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. तो पूर्वीच्या पदाचे काम करण्यास योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि त्याच सेवालाभांच्या दुसऱ्या पदावर त्याला नेमावे लागते. असे पद नसेल, तर योग्य पद उपलब्ध होईपर्यंत किंवा तो नियत वयोमानानुसार निवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. ‘शासकीय आस्थापना’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरण स्पष्टपणे अंतर्भूत आहे. म्हणजे जिल्हा परिषद तीत येते. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दुसऱ्या पदाचा विचार हा दुसऱ्या पायरीचा विचार आहे. वाजवी सोयी उपलब्ध करून देणे हे आस्थापनेचे त्याच कलमाखालील कर्तव्य आहे. ज्याचा उजवा हात निकामी झाला, त्याला फळ्यावर लिहिता येणार नाही. म्हणून तो शिकवू शकत नाही असे ठरत नाही. जिना चढता येत नसेल तर त्याचा वर्ग तळमजल्यावर आणता येतो. अंध शिक्षक वर्ग चालवतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. ‘आता हे काय शिकवणार?’ हा निर्णय शाळेच्या ओट्यावर बसून घेण्याचा नव्हे.

या संरक्षणाला मर्यादा आहे, आणि ती आधीच माहीत असणे हिताचे आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत ते एकवीस झाले. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, शारीरिक हालचालींचे अपंगत्व, मानसिक आजार, कंपवात हे त्यात आहेत. वाचा व भाषा यांच्या दोषात स्वरयंत्र काढल्याने आलेले कायमचे अपंगत्व येते. परंतु मूत्रपिंड निकामी होणे किंवा हृदयविकार यांचा त्या अनुसूचीत समावेश नाही. रक्तशुद्धीकरणासाठी आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जाणारा शिक्षक कितीही थकलेला असला, तरी केवळ त्या आजाराच्या आधारे त्याला कलम २० कडे बोट दाखवता येणार नाही. त्याच्यासाठी रजा आणि रुग्णता निवृत्तीवेतन हेच मुख्य मार्ग उरतात. म्हणून ‘आजार किती मोठा’ यापेक्षा ‘आजारामुळे आलेले अपंगत्व अनुसूचीत आहे काय’ हा प्रश्न आधी विचारावा.

आता हिशेब. उदाहरणादाखल ४६ वर्षे वयाचा, ६०,००० रुपये मूळ वेतनाचा शिक्षक घेऊ. नियत वयोमान ५८. म्हणजे १२ वर्षे शिल्लक. महागाई भत्ता आणि वार्षिक वेतनवाढ बाजूला ठेवली, तरी सेवेत राहिल्यास या काळात मूळ वेतनापोटी ८६,४०,००० रुपये मिळतात. रुग्णता निवृत्तीवेतन घेतले, तर ते मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक होत नाही. म्हणजे त्याच काळात फार तर ४३,२०,००० रुपये. सेवा थोडी झाली असेल तर त्याहूनही कमी. शिवाय सेवेत राहणाऱ्याला ५८ व्या वर्षी वाढलेल्या वेतनावर निवृत्तीलाभ मिळतात. निवृत्तीच्या बाजूने आकर्षण असते ते उपदानाची आणि अंशराशीकरणाची रक्कम एकदम हाती येण्याचे. दवाखान्याचे देणे डोक्यावर असताना हे आकर्षण समजण्यासारखे आहे. पण ते देणे फेडण्यासाठी बारा वर्षांचे वेतन सोडणे हा महागडा व्यवहार होय. निवृत्तीला वर्ष-दीड वर्षच उरले असेल, तर मात्र फरक फारसा राहत नाही आणि प्रकृतीचा विचार प्रधान ठरतो. दिनांक १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांचा हिशेब निराळा निघतो. आपल्याला कोणती निवृत्तीवेतन योजना लागू आहे व कोणता विकल्प दिला आहे, हे त्यांनी सेवापुस्तकात पाहून घ्यावे.

घाईने दिलेल्या अर्जाचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधील एका निकालावरून कळते. पंजाब राज्य वीज मंडळातील एका साहाय्यक तारतंत्र्याची दृष्टी १९९४ मध्ये पूर्ण गेली. त्याने १९९६ मध्ये, आपणास निवृत्त करावे आणि पत्नीस नोकरी द्यावी, असे पत्र दिले. मंडळाने निवृत्ती स्वीकारली. पत्नीस नोकरी मिळाली नाही. न्यायालयाने निर्णय कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला आणि म्हटले की, त्याला त्याचे कायदेशीर हक्क समजावून सांगणे हे वरिष्ठ अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते. पत्र दिल्यापासून निकाल लागेपर्यंत मध्ये जवळजवळ बारा वर्षे गेली. घरातील कोणास नोकरी मिळेल या आशेने निवृत्तीचा अर्ज देण्याची कल्पना आपल्याकडेही अनेकांच्या मनात येते. लेखी नियम पाहिल्यावाचून त्या आशेवर काहीही करू नये. तत्पूर्वी २००३ मध्ये, पाय कापावा लागलेल्या एका शिपायाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने ठरवले होते की, रुग्णता निवृत्तीवेतन दिले एवढ्यावरून सेवेचे संरक्षण नाकारता येत नाही. म्हणजे ज्यांनी अर्ज देऊन टाकला आहे त्यांचा मार्ग सर्वस्वी बंद झाला असे नाही. तो लांबचा मात्र झाला.

शासकीय साहाय्याविषयी थोडक्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये केले. ही योजना अत्यल्प उत्पन्नाच्या निराधारांसाठी आहे. वेतन किंवा निवृत्तीवेतन घेणारा शिक्षक तीत बसत नाही. मग प्रमाणपत्राचा उपयोग काय, असे कोणी विचारील. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्के व अधिक अपंगत्वास ७५,००० रुपये आणि ८० टक्के व अधिक अपंगत्वास १,२५,००० रुपये इतकी वजावट मिळते. आणि मुख्य म्हणजे, सेवेच्या संरक्षणाची मागणी करताना हेच प्रमाणपत्र पुरावा म्हणून लागते.

विमा हा तिसरा आधार. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा व एक हात किंवा पाय कायमचा गेल्यास २ लाख रुपये, आणि एकच गेल्यास १ लाख रुपये मिळतात. मात्र कारण अपघाताचे पाहिजे. पक्षाघात हा रोग आहे, अपघात नव्हे. त्यास काहीही मिळत नाही. वेतन ज्या बँकेत जमा होते तेथील वेतन-खात्यासोबतही पुष्कळदा अपघात विमा असतो. त्याच्या अटी बँकेतून लेखी मागून घ्याव्यात आणि घरी दाखवून ठेवाव्यात, कारण दावा करण्याची वेळ येते तेव्हा खातेदार स्वतः बोलू शकेलच असे नसते. विम्याची रक्कम घेतल्याने सेवेचा हक्क कमी होत नाही.

प्रत्यक्ष कृतीत पहिला अर्ज रजेचा असावा. अर्धवेतनी रजा वर्षास २० दिवस जमा होते आणि जुन्या शिक्षकाच्या खाती ती बरीच साठलेली असते. या काळात सहकाऱ्यांनी दयेपोटी हजेरीपत्रकावर सही घेण्याचे उपकार करू नयेत. ती सही पुढे त्याच शिक्षकाच्या विरुद्ध पुरावा होते. प्रकृती स्थिरावल्यावर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. त्यानंतर कलम २० (४) चा स्पष्ट उल्लेख करून, सोयींची किंवा पर्यायी पदाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत करावी. दाद मिळाली नाही, तर कलम २३ अन्वये नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते. नोंदणीपासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावयाची असते. त्यापुढे जिल्हास्तरीय समिती आणि पुणे येथील दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. या प्रत्येक ठिकाणी मूळ मागणीची आवक क्रमांक असलेली प्रत जोडावी लागते. यास्तव पहिला अर्ज देतानाच पोच घेऊन ती प्रमाणपत्रासोबत ठेवावी.