दुकानात पोहोचला म्हणजे विकला गेला?

प्लेस्टेशन ५ ने पाच कोटींचा टप्पा ओलांडल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली. हा आकडा ग्राहकांच्या हाती पडलेल्या कन्सोलचा होता, ९ डिसेंबरपर्यंतचा. सोनीच्या तिमाही हिशेबात मात्र ३१ डिसेंबरअखेर जवळपास साडेपाच कोटी दिसतात. मधल्या तीन आठवड्यांत नाताळची खरेदी झाली, हे खरे. पण फरक निव्वळ तारखेचा नाही. तिमाही हिशेबात वितरक आणि दुकानदारांना दिलेला माल धरतात. तो पुढे कोणाच्या घरी गेला, हे तिथे पाहिले जात नाही.

म्हणजे कंपन्या आकडे फुगवतात? हा आरोप हौसेने केला जातो, पण तो फारसा टिकत नाही. व्यापाऱ्याला माल देऊन बिल केले की कंपनीच्या वहीत विक्री नोंदली जाते. साबण, टीव्ही विकणाऱ्या कंपन्याही तेच करतात. शिवाय गोदामात माल कोंबून आकडा वाढवला, तरी तो फार काळ लपत नाही, कारण तुंबलेला माल खपेपर्यंत दुकानदार नवा उचलत नाही.

निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाजारात आलेल्या या कन्सोलचे मार्च २०१३ अखेरपर्यंत ३४.५ लाख नग रवाना झाले. पुढच्या एप्रिल ते जून या तिमाहीत किती? साऱ्या जगात मिळून अवघे १.६ लाख! मालाला उठावच नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीला वर्षाचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला.

जुन्या आकड्यांची तुलना तर आणखी जपून करायला हवी. सोनी २००७ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडलेला माल मोजत असे. त्यामुळे पहिल्या प्लेस्टेशनचे दहा कोटी आणि आजच्या कन्सोलचे दहा कोटी एकाच मापाने मोजलेले नाहीत.

जपानच्या ‘फामित्सू’ या साप्ताहिकाचे किंवा अमेरिकेतल्या सर्काना या संस्थेचे (पूर्वीची एनपीडी) आकडे दुकानांतल्या विक्रीवर आधारलेले असतात, म्हणून ग्राहकाच्या अधिक जवळचे. मात्र प्रत्येक दुकानाची माहिती मिळत नाही. उरलेला भाग अंदाजाने भरला जातो.

आकडा जाहीर करणे बंधनकारक असते, हाही एक समज. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये एक्सबॉक्सच्या विक्रीचे नग सांगणे थांबवले आणि ऑनलाइन खेळणाऱ्यांची मासिक संख्या पुढे केली. पुढे २०२२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या खरेदीची ब्राझीलमध्ये छाननी सुरू असताना, मागच्या पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून अधिक कन्सोल विकल्याचे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून दिले. प्लेस्टेशन ४ चा आकडा ११ कोटी ७० लाखांच्या आसपास. तेव्हा एक्सबॉक्स वन सहा कोटींच्याही आत राहिला, हे गणित मग कोणालाही मांडता आले.