जुन्या रंध्यास नवें पातें बसवितांना

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील साग व बाभूळ हीं दोन्ही लांकडें हत्याराचा कस पाहणारीं आहेत. सागांत वाळूच्या जातीचा सूक्ष्म अंश असल्यामुळें धार लवकर बोथट होते. बाभळीचे तंतु सरळ नसल्यामुळें रंधा उलट गेला कीं टवके निघतात. मृगापूर्वीं वखराचें खोड, डवऱ्याचा दांडा किंवा बैलांचें जूं नीट करावयाचें म्हणजे यांच्याशींच गांठ. अशा वेळीं घरांतील वाडवडिलांचा रंधा बाहेर निघतो, तो चालत नाहीं असें दिसतें, आणि भंगारवाल्याच्या कांट्यावर जातो. ही घाई नुकसानीची आहे. रंध्याचें धड सहसा संपत नाहीं. संपतें तें पातें.

तेंही खरोखर संपलें आहे काय हें प्रथम पाहावें. पूर्वीचीं पुष्कळ पातीं सबंध पोलादाचीं नसत. नरम लोखंडाच्या टोंकाशीं पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली असे. ती घासून संपली म्हणजे कितीही धार लावा, टिकावयाची नाहीं. पात्याची कड स्वच्छ करून पाहिल्यास जोडाची रेघ बहुधा ओळखूं येते. पोलाद शिल्लक असून वर नुसता गंज असेल तर नव्या पात्याचा खर्च करूं नये. गंजाचे खड्डे धारेपर्यंत गेले असतील तर मात्र इलाज नाहीं.

लोखंडी रंध्यांपैकीं बहुतेक अमेरिकेंतील लेनर्ड बेली यांच्या बेताचे आहेत. स्टॅन्ले कंपनीनें १८६९ सालीं त्यांचा कारखाना व हक्क घेतले. पुढें त्याच बेतावर इंग्लंडांत व हिंदुस्थानांतही रंधे होऊं लागले. बेत एक असला तरी मापें तंतोतंत एक नसतात, आणि शेतकरी फसतो तो येथेंच. चार व पांच नंबरी रंध्याचें पातें सामान्यतः २ इंच रुंद, सात नंबरीचें २⅜ इंच. रुंदी जुळली म्हणजे काम झालें असें नव्हे. जुनें पातें सुमारें २ मिलिमीटर जाड असतें. हल्लीं मिळणारीं कांहीं ३ मिलिमीटरपर्यंत जाड असतात. पातें पुढेंमागें करणाऱ्या चाकाचें टोंक पात्याच्या लांब खांचेंतून वर येऊन वरच्या दाबपट्टीच्या लहान भोकांत अडकतें. पातें फार जाड झालें कीं तें टोंक भोकापर्यंत पोंचत नाहीं. चाक फिरतें, पातें जागचें हालत नाहीं. दाबपट्टी नवी घ्यावयाची असेल तर तिच्या पुढच्या कडेपासून त्या भोकापर्यंतचें अंतर जुन्या पट्टीएवढेंच पाहिजे. सबब बाजारांत जातांना जुनी जोडी बरोबर न्यावी.

जाड पात्यानें रंध्याचें तोंड अरुंद होऊन ढलप्या अडकतात. लगेच कानस घेऊं नये. पातें ज्या उतरत्या बैठकीवर टेकतें तिचे स्क्रू सैल करून ती थोडी मागें घ्यावी. मात्र तोंडाच्या मागच्या कडेपलीकडे गेल्यास पात्याचा आधार सुटून तें थरथरतें. तरीही भागलें नाहीं तर तोंडाची पुढची कड अगदीं थोडी घासावी. घासलेलें लोखंड परत येत नाहीं! आमच्या मतें तीनच्या मोहापेक्षां अडीच मिलिमीटरचें पातें बरें.

दाबपट्टीस लोक केवळ आधार समजतात. वास्तविक ती ढलपीस जागींच वांकवून मोडते, म्हणून ढलपी पुढील लांकूड उचकटीत नाहीं. जपानांतील यामागाता विश्वविद्यालयाचे कावाई व काटो या अध्यापकांनीं ही क्रिया मोठी करून चित्रित केली आहे. पट्टी धारेपासून सुमारें एक दशांश मिलिमीटरवर असून तिचा पुढचा उतार चांगला उभा असल्यास उलट तंतूंतही टवके निघत नाहींत, असें तींत दिसतें. साध्या कामास एक मिलिमीटर अंतर चालेल. गांठाळ लांकडास केसाएवढेंच ठेवावें.

हें साधण्यासाठीं प्रथम पात्याची सपाट बाजू सहाणेवर खरोखर सपाट करावी. मग पट्टीची खालची बाजू अशी घासावी कीं तिचें अगदीं पुढचें टोंकच पात्यास टेकेल. स्क्रू आवळून जोडी उजेडासमोर धरावी. फटींतून उजेडाची रेघ दिसली तर तेथें ढलपी घुसणार. स्क्रू बेताबातानें आवळावा, नाहींतर पातळ पातें वांकतें. चाकावर धार काढतांना पातें वारंवार पाण्यांत बुडवावें. निळें पडलें कीं पाणी उतरलें.

लांकडी रंध्याची गोष्ट निराळी. त्याचें जुनें पातें बरेचदां धारेकडे जाड व वर पातळ असतें, आणि पाचर त्या उतारास जुळवून तासलेली असते. त्यांत सारख्या जाडीचें पातें घातल्यास पाचर एकाच ठिकाणीं दाबते आणि पातें सरकतें. अशा वेळीं पाचर नवी करावी, रंध्याचें पोट कोरूं नये. आणि पावसाळ्यांत लांकूड फुगलेलें असतां हें माप घेऊं नये. कापूस घरीं आल्यावर, कोरड्या दिवसांतच तें घ्यावें.