मोडीतील ‘अ’ आणि सी-लायब्ररीचा इंटरफेस

सी भाषेतील लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी उपयोगात आणावयाच्या फंक्शनांचा संच होय. त्यांपैकी जी बाहेरच्यांसाठी खुली असतात ती हेडर फाइलीत नमूद केलेली असतात. त्यासच सार्वजनिक इंटरफेस म्हणतात. लिपीच्या अभ्यासकास या तांत्रिक बाबीशी काय कर्तव्य, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर मोडीच्या एका अक्षरात सापडते.

युनिकोडमध्ये मोडीचा समावेश २०१४ साली झाला. तेथे मोडी ‘अ’चा क्रमांक ७११६८ आहे. सोळा बिटांत मात्र ६५५३५ हून मोठी संख्या मावत नाही. आता एखाद्या लायब्ररीने एकेक अक्षर स्वीकारण्यासाठी सी भाषेतील ‘डब्ल्यूचार_टी’ हा प्रकार योजला आहे असे समजू. हा प्रकार लिनक्सवर ३२ बिटांचा, तर विंडोजवर १६ बिटांचा असतो. परिणामी हेडरमधील एकच ओळ एका संगणकावर मोडी ‘अ’ अखंड स्वीकारील. दुसऱ्यावर त्या संख्येचा वरचा भाग गळून ५६३२ उरेल. हा क्रमांक कॅनडातील आदिवासी भाषांच्या अक्षरमालेतील आहे. प्रोग्राम थांबणार नाही. मोडी दप्तराची सूची तेवढी निमूटपणे बिघडेल. यावर उपाय असा की, इंटरफेसमध्ये निश्चित रुंदीचे प्रकारच वापरावेत. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात त्यांची सोय झालेली आहे.

अक्षरजुळणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. क्रोम, फायरफॉक्स व लिबरऑफिस यांत तिचाच उपयोग होतो. तीत अक्षराचा क्रमांक ३२ बिटांचा आहे. सी भाषेत नामावकाशाची सोय नसल्यामुळे तिच्या प्रत्येक सार्वजनिक नावास ‘एचबी’ हा उपसर्ग लावलेला असतो. त्यामुळे अन्य लायब्ररींतील नावांशी संघर्ष टळतो. तिचा अंतर्भाग सी++ मध्ये लिहिलेला असूनही बाह्य रूप सी भाषेचेच आहे. मजकुराच्या साठ्याची अंतर्गत रचना हेडरमध्ये उघड केलेली नाही; वापरणाऱ्याच्या हाती केवळ पॉइंटर येतो. म्हणून आतील रचना बदलली, तरी जुने प्रोग्राम पुन्हा संकलित करावे लागत नाहीत. ज्याने साठा निर्माण केला त्यानेच तो विसर्जित करावा, हाही दंडक स्पष्ट आहे.

परंतु लपविणे हेच इंटरफेसचे सर्वस्व नव्हे. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ व हिंदीतील दंडयुक्त ‘ल’ यांचा युनिकोड क्रमांक एकच आहे. क्रमांकावरून भाषा ओळखता येत नाही. म्हणून हार्फबझ लिपी, लेखनदिशा व भाषा या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगण्याची सोय ठेवते. मजकूर मराठी आहे असे कळविले आणि फाँटमध्ये तशी तरतूद असली, तर मराठी वळण उमटते. सोलापूरसारख्या नगरात, जेथे मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू शेजारी शेजारी नांदतात, या भेदाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

तात्पर्य, जो भेद वापरणाऱ्यास ठाऊक आहे व लायब्ररीस अनुमानाने कळणे शक्य नाही, तो इंटरफेसने मागून घ्यावा. यंत्रागणिक बदलणारे ते सारे आत ठेवावे. एकदा प्रसिद्ध केलेले फंक्शन इतरांच्या प्रोग्रामांत रुजते व मागे घेणे दुष्कर होते. आपल्या विभागात मराठीसाठी शब्दविश्लेषक वा लिप्यंतरक रचणाऱ्या विद्यार्थ्यांनी हेडर फाइल प्रथम लिहावी आणि मोडीतील एका अक्षराने तिची परीक्षा घ्यावी, हे श्रेयस्कर.